गिराणातली सुई

देवीच्या लशीची खूण दंडावर जन्मभर राहते. माझ्या दंडावर दोन आहेत, वालाच्या दाण्याएवढ्या, अजून बोटाला लागतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनची मात्र कसलीच खूण राहत नाही. दोन दिवस दंड ठणकतो, गाठ येते, जिरते, संपलं. मला त्याचा राग येतो. ज्या सुईपायी मी माझ्या मायला नको ते ऐकवलं, तिनं निदान एक टिकली तरी मागं सोडायला हवी होती. आंघोळीला बसले की अजून माझा हात त्या जागेवर जातो. तिथं नुसतं कातडं आहे, आता सुरकुतलेलं.

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माय म्हणायची, हिच्या जिभेला वेसण घालणारा अजून जन्मायचाय. ती स्वतः काही कमी नव्हती. आम्ही दोघी एका चुलीपुढं बसलो की तव्यावरच्या भाकरीनं पण कान टवकारावेत, असं भांडायचो. आज घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात, आणि तसं कडाकडा भांडायला माणूस नाही म्हणून माझा जीव तुटतो.

माहेर बेंबळीच्या बाजूचं, सासर जळकोटच्या अलीकडचं एक खेडं. मधे दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. दोन्हीकडं आमची वस्ती गावाच्या कडेला, घरात बुद्धाची तसबीर. माझ्या जन्माच्या जरा आधी आमच्या माणसांनी धम्म घेतला आणि घरातले देव ओढ्यात नेऊन सोडले. देव गेले, पण त्यांच्यामागं आलेली सगळी भ्यावं काही गेली नाहीत. ती बायकांच्या पोटात दडून राहिली, आणि बाई पोटुशी राहिली की वर यायची.

त्यातलं मोठं भ्या गिराणाचं. गिराण म्हणजे ग्रहण, पण ग्रहण म्हटलं की ते पुस्तकातलं वाटतं. गिराण लागलं की पोटुशी बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई हातात धरायची नाही. आडवं पडून राहायचं, हातपाय सरळ. नाहीतर पोटातल्या लेकराला ते लागतं.

माझी माय सुईण होती. शिकलेली नव्हे, तिच्या सासूकडून तिला हात आलेला. तिच्याकडं एक विळा होता. घरातले बाकीचे विळे ज्वारी कापायचे, हा फक्त नाळ कापायचा. आढ्याला धडप्यात गुंडाळून खोचलेला असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. काम झालं की माय त्याला शेणीच्या राखेनं घासायची, पदरानं पुसायची, पुन्हा गुंडाळून ठेवायची. नाळेवर पण तीच राख दाबायची. लहानपणी मला वाटायचं, लेकरं ह्या विळ्यातूनच येतात.

वस्तीतल्या निम्म्या लेकरांची नाळ तिनं कापली असेल. त्यातली काही सातव्या-आठव्या दिवशी जायची. आधी दूध ओढायचं थांबायचं, मग जबडा मिटायचा, मग अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. त्याला आमच्याकडं काही नाव नव्हतं. कुणी पुण्याला गेलं म्हणतात ना, तसं 'आठव्यात गेलं' म्हणायचे.

फक्त बहात्तरच्या दुष्काळातली लेकरं गेली नाहीत. तेव्हा आमची सगळी वस्ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. मी चौदा वर्षांची, मायच्या शेजारी बसून फोडायची. तिथं तीन बाया मोकळ्या झाल्या, दोन बाजूंना गोणपाट धरून. मायचा विळा घरी. खडी फोडणाऱ्यांत एक न्हावी होता, त्याच्याकडच्या दाढीच्या कोऱ्या पत्तीनं मायनं तिन्ही नाळा कापल्या. तिन्ही लेकरं जगली. धुरळ्यात, रणरणत्या उन्हात, आयांना धड खायला नसताना जगली. माय अभिमानानं सांगायची, दगडात जन्मली, दगडासारखी निघाली.

माझी पहिली पोर आठव्यात गेली.

पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला माहेरी आले होते. मायच्याच हातानं सुटले. पोर माझ्यासारखीच सावळी, पण ओढायला अशी हावरी की मी कळवळून ओरडायची आणि माय हसायची. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी सकाळी छातीशी धरली तर तिनं तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, झोपेत असेल. मायनं तिच्या हनुवटीला बोट लावून बघितलं आणि ती बाहेर गेली. आठव्या दिवशी दुपारी पोर गेली. तिचं नाव पण ठेवलं नव्हतं.

समाचाराला बाया यायला लागल्या, तेव्हा माय प्रत्येकीला एकच सांगायची. हिनं गिराणात सुई धरली. आणि ते खोटं नव्हतं. सातव्या महिन्यात मी सासरी बाळासाठी वाकळ शिवत बसले होते आणि तिन्हीसांज झाल्यावर कुणीतरी म्हणालं, अगं आज चंद्राला गिराण आहे. मी सुई टाकली, पण चार टाके तोवर घालून झाले होते. ते मीच मायला हसत हसत सांगितलं होतं. पुढं दोन वर्षं त्या चार टाक्यांनी मला झोपू दिलं नाही. मायचं मला पटलं होतं, हे सगळ्यात वाईट.  ती वाकळ मी पेटीच्या तळाशी घालून ठेवली आणि माहेरी जाणं कमी केलं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासरी नुकती दूध सोसायटी निघाली होती. दुष्काळानं लोकांना शिकवलं होतं की नुसत्या ज्वारीच्या भरवशावर राहू नये, तेव्हा घरोघर म्हशी आल्या होत्या. माझा नवरा सोसायटीत दूध मापायला. ऊन तापायला लागलं की दुधाच्या गाडीतून रिकाम्या कॅनबरोबर बर्फ यायचा. आमच्याकडची नर्सबाई कोल्हापूरकडची, मोठी हिकमती. उपकेंद्रात फ्रिज नव्हता, म्हणून तिनं गाडीवाल्याशी गोडीनं बोलून सोय लावली. महिन्यातल्या एका शनिवारी लस त्या बर्फात बसून यायची, ती थर्मासात काढून घ्यायची आणि सोसायटीच्याच खोलीत टोचायला बसायची. गावात थट्टा चालायची की आता बायांना टोचून झालं की म्हशींचा नंबर.

थट्टा होती, पण कुणी जात नव्हतं. नसबंदीची ती वर्षं नुकतीच सरली होती. सरकारी सुई दिसली की बाया पदर सावरून दुसऱ्या बोळात वळायच्या. नर्सबाई दारोदार फिरायची, पोटुश्या बाया हेरायची. माझ्या दारात आली तेव्हा मला सहावा सरत आला होता. मी तिला पाणी दिलं. पहिलं लेकरू कशानं गेलं, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, चार टाक्यांसकट. तिनं टाक्यांकडं लक्षच दिलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "नाळ कशानं कापली होती?"

 आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हा प्रश्न विचारला होता.

तिनं मग समजावून सांगितलं. गंजलेल्या, न उकळलेल्या हत्यारानं, राखेनं, शेणानं नाळेतून धनुर्वात शिरतो. आईनं आधी इंजेक्शन घेतलं तर तिच्या रक्तातून लेकराला आधार मिळतो. दोन घ्यायची, मधे महिना सोडून. पहिलं येत्या शनिवारी, दुसरं आठव्या महिन्यात. हा शनिवार चुकला तर पुढचा महिन्यानंतर, म्हणजे दुसरं इंजेक्शन बाळंतपणाच्या तोंडावर जाणार आणि त्याचा उपयोग होईलच असं नाही. एवढं बोलून ती उठली. तिनं कुणाला दोष दिला नाही. माझ्याच डोक्यात तो विळा फिरायला लागला.

दोन दिवसांनी कळलं की त्याच शनिवारी गिराण आहे. साधंसुधं नाही, सूर्याचं, भर दुपारी अंधारून येणारं. रेडिओवर तेच, पारावर तेच. नर्सबाईला सांगायला गेले तर ती म्हणाली, बर्फ त्याच दिवशी येणार, मी बसणार, तू ये.

आता माझी पंचाईत बघा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुला पटेल तसं कर. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सासू नव्हती. सासरे सुई घेण्याच्या बाजूचे. त्यांचं गिराणाशी जुनं वैर होतं. त्यांच्या तरुणपणी गिराण सुटलं की आमच्या माणसांनी गावात 'दे दान, सुटे गिराण' ओरडत हिंडायचं आणि लोकांनी वरून फाटकी कापडं, पसाभर धान्य टाकायचं, अशी रीत. धम्म घेतल्यावर ते सगळं बंद केलं, ह्याचा त्यांना फार अभिमान. सूर्याला काही होत न्हाय पोरी, ते म्हणाले, पण बायकांच्या कामात मी बोलणार न्हाय. म्हणजे घरात दोन पुरुष आणि ठरवायचं मी एकटीनं.

वरवर बघता गोष्ट सोपी होती. गिराण खोटं, सुई खरी, जायचं आणि टोचून यायचं. पण खरं सांगू का, मला गिराणाचं भ्या तेवढं नव्हतं. मी इंजेक्शन घेतलं असतं तर त्याचा अर्थ नर्सबाईचं खरं, आणि नर्सबाईचं खरं म्हणजे माझ्या पोरीला मायच्या विळ्यानं नेलं. न घ्यावं तर पोटातल्या लेकराचं काय? मी रोज पोटावर हात ठेवून बसायची. आतून ते लाथ मारायचं आणि मला मायची आठवण यायची. वाटायचं, तिच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि तीच सांगेल तसं करावं, लहानपणी ताप आल्यावर करायची तसं. आणि नेमकी तीच एक अशी होती की जिला हे विचारता येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी माय दारात उभी. डोक्यावर गाठोडं, पायावर धूळ. गिराणाचं ऐकून दोन एसट्या बदलून आली होती. माझ्यावर पहारा करायला. तिनं आधी माझं पोट बघितलं, मग तोंड. म्हणाली, वाळलीस. मी म्हणाले, तुझ्यावरच गेले. एवढ्यावर आम्ही दोघी हसलो आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. रात्री तिनं माझ्या पायांना तेल चोळलं. इंजेक्शनाचा विषय मी काढला नाही.

शनिवारी जेवणं लवकर उरकली. मायनं खिडकीला पोतं लावलं, दार ओढून घेतलं, मला वाकळेवर आडवं केलं. हातपाय सरळ, खाजवायचं पण नाही. ती उशाशी बसली. बाहेर सासरे मुद्दाम ओट्यावर उन्हात बसून, गिराणात खात नाहीत म्हणून, कांदा-भाकरी खात होते आणि त्यांचं चघळणं आम्हाला आत ऐकू येत होतं. माय दातओठ खात होती. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून लोळले असते.

दुपार कलली. पोत्याच्या फटीतून येणारं ऊन हळूहळू मळकं झालं. मला सोसायटीची खोली दिसत होती, बर्फ पाझरत असलेला, नर्सबाई घड्याळाकडं बघत बसलेली. चार वाजता दुधाची गाडी परत जायची आणि तिच्याबरोबर नर्सबाई पण. मी उठून बसले. म्हणाले, माय, मला सोसायटीत जायचंय, इंजेक्शन घ्यायला.

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं माझे पाय धरले. आईनं लेकीचे पाय धरले. आज नको, उद्या जा, परवा जा, मी स्वतः नेते, पण आज सुई नको, म्हणाली. एकदा गिराणात सुई धरलीस, पोर गेली, आता दुसरं पण घालवायचंय का, म्हणाली.

तिथं माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं. मी म्हणाले, "नर्सबाईनं सुईचं नाही विचारलं. तिनं विचारलं, नाळ कशानं कापली होती."

माझ्याच आवाजानं मी दचकले. बाहेर सासऱ्यांचं चघळणं थांबलं. मायनं माझे पाय सोडले. अंधारात तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, हात तेवढे दिसत होते, मांडीवर उलटे पडलेले. मला वाटलं आता ती भडकेल, मला घराबाहेर काढेल, मीच माझ्या घरात असले तरी.  पण तिनं हळूच विचारलं, विळ्यानं काय होतं म्हणाली ती? मी सांगितलं. राखेचं पण सांगितलं. माझा राग तेवढ्यात उतरला होता आणि मला ते सांगणं नको झालं होतं, पण आता सुरुवात झाली होती.

ती बोटं दुमडून मोजायला लागली. एकेक बोट, एकेक घर. तिच्या हातची आठव्यात गेलेली लेकरं ती आठवत होती, कुणाचं थोरलं, कुणाचं धाकटं, कुणाची जुळी. मग थांबली. म्हणाली, कामावरची तिन्ही जगली. मी म्हणाले, व्हय. ती म्हणाली, तिथं कोरी पत्ती व्हती. मग म्हणाली, राख पण नव्हती तिथं.

तिला कुणी शिकवलं नव्हतं, पाटी कधी हातात धरली नव्हती. पण एवढं तिचं तिनंच जुळवलं, माझ्या डोळ्यांपुढं. मला वाटतं, तिला ते आधीपासून कुठंतरी दिसत होतं, आणि म्हणूनच ती त्या चार टाक्यांना एवढी घट्ट धरून बसली होती. पण हे माझं आजचं शहाणपण. तेव्हा मी नुसती बसून होते.

माय उठली. तिनं दार उघडलं. बाहेर जे ऊन होतं त्याला ऊन म्हणवेना. तांब्याच्या भांड्यावरचा कळकट रंग सगळीकडं पसरलेला. कोंबड्या खुराड्याकडं चालल्या होत्या. गल्लीत एक माणूस नव्हतं, सगळी दारं बंद, आणि ओट्यावर एकटे सासरे भाकरीचा तुकडा हातात धरून. मायनं मला पुढं घेतलं, आपला पदर सोडून माझ्या पोटावर गुंडाळला आणि म्हणाली, चल.

 जन्मभर जिनं गिराणात उंबरा ओलांडला नाही, ती मला धरून भर गल्लीतून चालली होती. सूर्याच्या बाजूला ती, सावलीच्या बाजूला मी. वळलो की ती पण बाजू बदलायची, तिची सावली माझ्यावर पडावी म्हणून. लिंबाच्या झाडाखाली आलो तर जमिनीवर कवडशांच्या जागी शेकडो कोरी पसरलेल्या, चंद्राच्या कोरीसारख्या, वाऱ्यानं हलणाऱ्या. माय क्षणभर थबकली. मग पाय उचलून उचलून, एकही कोर तुडवली जाऊ नये अशी चालत ती पलीकडं गेली. मला मात्र त्या तुडवतच जावं लागलं, पोटापुढं पाय दिसत नव्हते.

सोसायटीत नर्सबाई एकटीच. सकाळपासून एक बाई आली नव्हती. माझा नवरा कोपऱ्यात कॅन पुसत होता, आम्हाला बघून त्याच्या हातातलं फडकं पडलं.  नर्सबाई म्हणाली, एकीसाठी बाटली फोडते, वाया गेली तर गेली. तिनं स्टोव्ह पेटवला, पातेलीत काचेची पिचकारी आणि सुई टाकली, वर झाकण ठेवलं. आम्ही वाट बघत उभ्या. पाण्याला बुडबुडे आले, मग ते खळखळायला लागलं. माय पातेलीजवळ गेली, वाकली, झाकणाच्या फटीतून बघत राहिली. वाफ तोंडावर येत होती तरी ती हलेना. तिनं विचारलं, बाई, हे कशाला? नर्सबाई म्हणाली, सुई उकळल्याशिवाय आम्ही कुणाला टोचत नाही मावशी, साधं पाणी, पण त्यानं सगळी घाण मरते.

माय तशीच बघत होती. म्हणाली, "एवढंच व्हतं? पाणी उकळायचं?"

  सुई टोचली ती मला कळली नाही, मी मायकडं बघत होते. परत येताना ऊन पुन्हा पिवळं व्हायला लागलं होतं. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "तुझे टाके नव्हते गं ते. माझा इळा व्हता."

दोन वर्षं मी ह्या वाक्यासाठी झुरले होते. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी मोकळी होईन. आणि झाले पण, काय लपवायचं. छातीवरचं ओझं उतरलं. तिच्या छातीवर ते चढलं, ते मला दिसत होतं, आणि मी तिला एक शब्द बोलले नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं माय, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? एरवी जिभेला वेसण नसलेली मी, नेमकी तिथं मुकी झाले.

दुसरं इंजेक्शन मी महिन्यानं एकटी जाऊन घेतलं. दिवस भरले तेव्हा माय आली, पण विळा न घेता. बाळंतपण सासरीच झालं, नर्सबाईच्या हातानं. कोरी पत्ती, उकळलेला दोरा. पाणी मायनं उकळलं. दोन पातेली, पुन्हा पुन्हा, पाणी पार आटून जाईपर्यंत. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पोर रडली तेव्हा बाहेर तिच्या हातातली पातेली वाजल्याचं मी ऐकलं.

त्यानंतरचे आठ दिवस मला विसरता येत नाहीत. माय माझं सगळं करायची. डिंकाचे लाडू, शेक, धुणं, भांडी. पोरीला न्हाऊ घालायला मात्र तिनं शेजारची बाई बोलावली. पोरीला ती हात लावत नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात मांडीत घालून, आणि बघायची. पोर दूध ओढायला लागली की तिचे डोळे पोरीच्या जबड्यावर. थांबली की माय श्वास धरायची, पुन्हा ओढायला लागली की सोडायची. मी बघत होते. ती कशाची वाट बघतेय ते मला कळत होतं, आणि सगळ्या वस्तीची लेकरं झेललेले ते हात रिकामे बसलेत हे पण कळत होतं. पोर उचलून तिच्या मांडीवर द्यायला मला फक्त हात लांब करायचा होता. मी केला नाही. थोडं भ्या होतं, विळा गेला तरी हात तेच, असं वाटायचं. आणि थोडा सूड होता. आता ह्या वयात मी स्वतःशी खोटं बोलत नाही.

नवव्या दिवशी सकाळी पोर पोटभर प्यायली, ढेकर दिली आणि माझ्याकडं बघत राहिली. माय कोपऱ्यातून उठली. हात धुऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा धुऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि परक्या घरी आलेल्या बाईसारखं विचारलं, "धरू का गं?"

मी मान हलवली, बस. तिनं पोरीला घेतलं, छातीशी लावलं आणि तोंड भिंतीकडं फिरवून उभी राहिली.

त्यानंतर तिनं कुणाची नाळ कापली नाही. बोलावलं तर जायची, बाईचा हात धरून बसायची, पाणी उकळायची, नर्सबाईला आणायला माणूस पाठवायची. हात कापतात माझे, असं लोकांना सांगायची. कापत नव्हते. विळा तिनं कडबा तोडायला काढला. सात-आठ वर्षांनी ती गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नाही, दुसरी एसटी चुकली. मी गेले तोवर बायांनी तिचे हात छातीवर ठेवले होते.

पोर आता पन्नाशीकडं झुकली. तिला दोन लेकरं, दोन्ही दवाखान्यात झालेली, सगळ्या लशी वेळेवर. तिच्या थोरल्याला पहिल्यांदा माझ्याकडं दिलं तेव्हा नर्सनं सांगितलं, आजी, आधी हात धुवा. मी धुतले, आणि तिथं बेसिनपाशीच मला रडू फुटलं. पोरीला वाटलं, आनंदानं. मी तिला म्हणाले, व्हय.

अजून कधी दुपारी आडवी पडले की मी ते आठ दिवस पुन्हा जगते. माय कोपऱ्यात बसलेली असते, हात मांडीत घालून. मी पोरीला उचलते, हात लांब करते आणि म्हणते, माय, घे ना, तुझीच हाय. पहिल्या दिवशीच म्हणते.